ज्याला गिटार वाजवता येत नव्हती, त्यानेच रॉक संगीताचा आवाज घडवला

गणपती विसर्जनाची मिरवणूक आणि बँजो पार्टी हे समीकरण कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. गाव गुहागर तालुक्यातलं अंजनवेल असो की मुंबईतली एखादी चाळ. हातगाडीवर किंवा टेम्पोत स्पीकरचे डबे लागतात, ढोल-ताशा सुरू होतो आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या डोक्यावरून बँजोचा तो टोकदार, खणखणीत आवाज निघतो. गाणं म्हणायला कुणी गायक नसतो, तरी गाणं कोणतं ते पोरांना पहिल्या दोन सुरांत कळतं.

आता थोडा विचार करा. हा बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं एक छोटं तंतुवाद्य. मूळचा जपानचा. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने तो तयार केला आणि पुढे तो आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून रुळला. नुसता वाजवला तर शेजारच्या खोलीत नीट ऐकू जायचा नाही. मग तो ढोलाच्या वर कसा ऐकू येतो? कारण त्याला पिकअप लावलेला असतो, ती वायर ॲम्प्लिफायरला जाते आणि ॲम्प्लिफायर स्पीकर हलवतो.

तार, पिकअप, ॲम्प आणि स्पीकर. या चार गोष्टींच्या जोरावर साठच्या दशकात जगभरातल्या पोरांनी गायकाशिवाय गाणी हिट करून दाखवली. इंग्लंडमध्ये द शॅडोज, अमेरिकेत द व्हेंचर्स, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डिक डेल. या सगळ्यांच्या आवाजामागे एक माणूस होता. त्याचं नाव लिओ फेंडर. त्याला एक डोळा नव्हता, त्याला गिटार वाजवता येत नव्हती आणि आयुष्याच्या शेवटी स्वतःच्या आडनावाने गिटारची कंपनी चालवायचा हक्कही त्याच्याकडे उरला नव्हता.

हिशेबनीस ते रेडिओ दुरुस्तीवाला

क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या आसपास त्याच्या आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. लिओ आठ वर्षांचा असताना गाठीमुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला. तेव्हापासून त्याने काचेचा डोळा लावला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाण्यापासून त्याची सुटका झाली ती यामुळेच.

शाळेत असताना नात्यातल्या एका माणसाच्या दुकानात त्याने घरी जोडलेला रेडिओ पाहिला. त्या रेडिओच्या कर्ण्यातून येणारा दणदणीत आवाज त्याच्या डोक्यात बसला तो कायमचाच. घरी येऊन त्याने रेडिओ खोलायला सुरुवात केली. संगीताच्या नावाखाली थोडा पियानो, थोडा सॅक्सोफोन शिकून झाला, पण गिटारच्या वाटेला तो गेला नाही.

इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षणही त्याने घेतलं नाही. कॉलेजात शिकला अकाउंटिंग. नोकऱ्याही तशाच केल्या. आधी बर्फाच्या कंपनीत, मग महामार्ग खात्यात, मग टायरच्या कंपनीत. १९३४ मध्ये एस्थर नावाच्या मुलीशी लग्न झालं. तो काळ अमेरिकेतल्या महामंदीचा होता. नोकरी गेली तेव्हा १९३८ साली लिओने ६०० डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनमध्ये फेंडर रेडिओ सर्व्हिस नावाचं दुकान टाकलं. घर चालावं म्हणून एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करत होती.

दुकानात रेडिओ दुरुस्त व्हायचे, रेकॉर्ड विकल्या जायच्या आणि कार्यक्रमांना लाउडस्पीकर भाड्याने मिळायचे. थोडक्यात, आपल्या गावातल्या माइकवाल्याचं दुकान. अशा दुकानात वादक येणारच. ते आपले ॲम्प आणि गिटारचे पिकअप दुरुस्तीला आणायचे. लिओ ते खोलून बघायचा आणि त्याच्या लक्षात यायचं की बाजारात मिळणारा माल फार कच्चा आहे. जोड लवकर तुटतात, भाग बदलायला गेलं तर अख्खं यंत्र उसवावं लागतं आणि आवाज थोडा वाढवला की बिघडतो.

दुरुस्तीच्या टेबलावर मिळालेलं हे शिक्षण त्याला आयुष्यभर पुरलं.

कुई वाजणारी गिटार आणि लाकडाची फळी

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ. इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. ॲम्प ती वीज मोठी करतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो.

लिओच्या आधीही इलेक्ट्रिक गिटार होत्या. पण त्यातल्या बहुतेक म्हणजे जुन्या पोकळ गिटारलाच लावलेला पिकअप. अडचण अशी की आवाज मोठा केला की स्पीकरच्या आवाजाने गिटारची पोकळ पेटीच थरथरायला लागायची. ते थरथरणं पुन्हा पिकअपमध्ये, तिथून ॲम्पमध्ये, तिथून पुन्हा पेटीत. सभेत माइक स्पीकरसमोर धरला की जी कुई वाजते, अगदी तीच.

उपाय सोपा होता. पोकळ पेटीच काढून टाका आणि तारा भरीव लाकडावर ताणा. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार करून पाहणारे लिओच्या आधीही काही जण होते. लिओने डॉक कॉफमन नावाच्या वादक मित्राबरोबर १९४३ च्या सुमारास एका पिकअपची चाचणी घ्यायला अशी एक ओबडधोबड गिटार बनवली. गंमत म्हणजे गावातले वादक ती भाड्याने मागायला लागले.

दोघांनी मिळून कंपनी काढली. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि त्यांचे छोटे ॲम्प ते बनवू लागले. हीच गिटार आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून ओळखली जाते. पण कर्ज वाढेल या भीतीने कॉफमन १९४६ मध्ये बाहेर पडला आणि आपल्या वाट्याच्या बदल्यात एक छोटं प्रेस मशीन घेऊन गेला. लिओने त्याच वर्षी स्वतःच्या नावाने फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी सुरू केली.

१९५० मध्ये फेंडरची भरीव गिटार बाजारात आली. जुने कारागीर आणि स्पर्धक तिला हसले. गिटार म्हणजे नक्षीदार, वळणदार वाद्य आणि हे काय, लाकडाच्या फळीला ठोकलेला दांडा! दांडा खरोखरच चार स्क्रूंनी बसवला होता. पण त्यातच दुरुस्तीवाल्याचं डोकं होतं. दांडा खराब झाला तर चार स्क्रू काढा आणि दुसरा लावा. गिटार फेकायची गरज नाही. अशा गिटार कारखान्यात भराभर बनवताही येत होत्या.

तिचं नाव ठेवलं होतं ब्रॉडकास्टर. पण ग्रेच कंपनी जवळपास त्याच नावाने ड्रम विकत होती आणि तिने हरकत घेतली. मग फेंडरच्या कामगारांनी छापून ठेवलेल्या चिकटपट्ट्यांवरून ब्रॉडकास्टर हे नाव कापून टाकलं आणि काही काळ बिननावाच्या गिटार विकल्या. आज या बिननावाच्या गिटारांवर संग्राहकांच्या उड्या पडतात. टेलिव्हिजनचा जमाना नुकताच सुरू झाला होता, म्हणून गिटारचं नवं नाव ठरलं टेलिकास्टर.

१९५१ मध्येच लिओने प्रिसिजन बास आणली. त्याआधी बँडमधला बासवाला माणसाच्या उंचीचं डबल बास घेऊन फिरायचा आणि ड्रमच्या आवाजात तो कुणाला ऐकूही यायचा नाही. आता तेच काम गळ्यात अडकवलेल्या गिटारीवर होऊ लागलं. चार पोरांचा बँड एका गाडीत मावायला लागला तो इथून.

वाजवता येत नव्हतं, म्हणून ऐकायची सवय

लिओला गिटार सुरात लावताही येत नव्हती. मग एवढी वाद्यं तो तपासायचा कशी? वादकांकडून. नवीन ॲम्प किंवा पिकअप तयार झाला की तो आसपासच्या नाचाच्या हॉलमध्ये घेऊन जायचा, कंट्री संगीत वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा आणि त्यांच्या तक्रारी ऐकायचा. अनेकदा कार्यक्रम चालू असतानाच त्याचं खोलणं-जोडणं सुरू व्हायचं.

१९५४ ची स्ट्रॅटोकास्टर गिटार बरीचशी अशा तक्रारींतून जन्मली. टेलिकास्टरची कड बरगड्यांना टोचते, ही तक्रार आली. म्हणून नव्या गिटारला अंगाशी बसेल असा घाट दिला. दोन पिकअप पुरत नाहीत म्हणून तीन दिले. या कामात हवाई बेटांवरून आलेला वादक फ्रेडी तवारेस त्याच्यासोबत होता.

या गिटारमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारांच्या खालच्या टोकाला असलेला एक छोटा दांडा. तो हलक्या हाताने दाबला की सगळ्या तारांचा ताण एकदम कमी होतो, सोडला की स्प्रिंगांच्या जोरावर तारा पुन्हा जागेवर येतात. सूर गायकाच्या गळ्यासारखा थरथरतो. इथे लिओने एक गोंधळही घालून ठेवला. सूर वर-खाली होण्याला व्हायब्रॅटो म्हणतात आणि आवाज लहान-मोठा होण्याला ट्रेमोलो. लिओने गिटारच्या दांड्याला ट्रेमोलो म्हटलं आणि ॲम्पमध्ये आवाज लहान-मोठा करणारं जे सर्किट बसवलं त्याला व्हायब्रॅटो! गिटारवाले आजही त्या दांड्याला ट्रेमोलोच म्हणतात.

लखनौत जन्मलेला गायक आणि लाल गिटार

आता साठच्या दशकात येऊ. इंग्लंडमध्ये तेव्हा क्लिफ रिचर्ड हा मोठा स्टार होता. याचा जन्म १९४० चा, आपल्या लखनौचा. खरं नाव हॅरी वेब. त्याच्या साथीला असलेला बँड म्हणजे द शॅडोज आणि त्यातला गिटारवादक हँक मार्विन. महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये अमेरिकी मालाच्या आयातीवर बरीच वर्षं निर्बंध होते, त्यामुळे फेंडर गिटार तिथे फक्त फोटोत दिसायची. १९५९ मध्ये क्लिफने थेट अमेरिकेतून मार्विनसाठी लाल रंगाची स्ट्रॅटोकास्टर मागवली.

मार्विनने ती इंग्लंडमध्ये बनलेल्या व्हॉक्स ॲम्पला जोडली. मध्ये इटलीत बनलेलं मेआझी कंपनीचं इको यंत्र लावलं. हे यंत्र वाजवलेला सूर चुंबकीय थरावर टिपून क्षणभराने पुन्हा ऐकवायचं. वर तो थरथरणारा दांडा. १९६० मध्ये या सगळ्यातून अपाची नावाची धून निघाली. ऑगस्टमध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. आणि तिने खाली ढकललं कुणाला? क्लिफ रिचर्डच्याच गाण्याला. ज्याने गिटार आणून दिली, त्याचंच गाणं त्या गिटारने हटवलं.

त्याच वर्षी अमेरिकेत द व्हेंचर्सची वॉक, डोन्ट रन ही धून दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली. बँडचे दोन संस्थापक डॉन विल्सन आणि बॉब बोगल हे बांधकामावर काम करणारे मजूर. संगीताचं मोठं शिक्षण कुणाचंच नव्हतं. पुढे हा बँड जपानमध्ये एवढा गाजला की तिथे इलेक्ट्रिक गिटारची लाटच आली.

या धुनांमध्ये आवाजाला महत्त्व एवढं का? कारण शब्द नव्हते. गाण्यात शब्द, गायकाचा गळा, चेहरा, सगळं मदतीला येतं. इथे श्रोत्याला धरून ठेवायचं काम एकट्या गिटारच्या आवाजाने करायचं होतं. तो आवाज स्वच्छ, टोकदार आणि सूर न् सूर वेगळा ऐकू येणारा हवा. दुरुस्तीवाला लिओ इतकी वर्षं नेमका तोच आवाज शोधत होता.

ॲम्प जाळणारा पोरगा

पण लिओची खरी परीक्षा घेतली डिक डेलने. याचं मूळ नाव रिचर्ड मॉन्सूर, वडील लेबनीज वंशाचे. डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता सरळ उलटी धरून वाजवायचा. दिवसा समुद्रात लाटांवर फळीवरून सर्फिंग करायचं आणि रात्री कॅलिफोर्नियातल्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये हजारो पोरांसमोर वाजवायचं, हा त्याचा दिनक्रम. लाटेचा गडगडाट त्याला गिटारमध्ये आणायचा होता. त्यासाठी जाडजूड तारा आणि ॲम्पची सगळी बटणं पूर्ण उघडी.

परिणाम? लिओने दिलेले ॲम्प एकामागून एक जळू लागले. स्पीकर फाटले, काही वेळा धूर निघाला. डेलच्या सांगण्यानुसार हा आकडा चाळीसच्या वर गेला. लिओला कळेना की वर्कशॉपमध्ये पुरून उरणारा ॲम्प तिथे कमी का पडतो. शेवटी तो फ्रेडी तवारेसला घेऊन स्वतः त्या हॉलमध्ये गेला. गर्दीत उभं राहिल्यावर उत्तर मिळालं. रिकाम्या खोलीत मोठा वाटणारा आवाज हजारो माणसांची अंगं शोषून घेतात. ॲम्प टेबलावर तपासून उपयोग नाही, तो गर्दीत तपासायला हवा.

मग नवा, मोठा ट्रान्सफॉर्मर आला, जेबीएल कंपनीचा १५ इंची दणकट स्पीकर आला आणि शोमन नावाचा ॲम्प तयार झाला. १९६१ मध्ये लिओने आणखी एक पेटी बाजारात आणली. रिव्हर्ब. आतमध्ये लांब स्प्रिंगा. गिटारचा आवाज विजेच्या रूपाने स्प्रिंगांच्या एका टोकाला द्यायचा, तो तारेवरून थरथरत पुढे-मागे आपटतो आणि दुसऱ्या टोकाला गुहेत घुमल्यासारखा बाहेर येतो. हे तंत्र मुळात हॅमंड ऑर्गनसाठी वापरलं जात होतं. सर्फ बँडच्या पोरांनी ते गिटारला एवढं जोडलं की त्या ओल्या, ठिबकणाऱ्या आवाजावरूनच ते संगीत ओळखलं जाऊ लागलं. १९६३ मध्ये हाच रिव्हर्ब ॲम्पच्या आत बसवून ट्विन रिव्हर्ब आला.

डेलची १९६२ ची मिसरलू तुम्ही नक्की ऐकली आहे. १९९४ च्या पल्प फिक्शन सिनेमाच्या सुरुवातीला ती वाजते. ब्लॅक आइड पीजच्या पम्प इटमध्येही तीच धून आहे. मूळ चाल मात्र भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची जुनी लोकधून आहे.

लिओने जे ज्याच्यासाठी बनवलं ते बऱ्याचदा दुसऱ्यानेच उचललं. जॅझवाल्यांसाठी १९५८ मध्ये जॅझमास्टर गिटार काढली, तर जॅझवाल्यांनी पाठ फिरवली आणि सर्फवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. बाससाठी बनवलेल्या बासमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात मार्शल ॲम्प जन्माला आला. लिओला आवाज स्वच्छ हवा होता. पुढच्या रॉकवाल्यांनी तेच ॲम्प मुद्दाम फाटेपर्यंत वाजवले आणि त्यालाच संगीत म्हटलं.

हे वारं मुंबईलाही लागलं. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला १९६५ चा गुमनाम आठवा. शंकर-जयकिशन यांचं संगीत, रफींचा आवाज आणि पडद्यावर टेड लायन्सचा बँड. जान पहचान हो या गाण्यातली गिटार ऐकली की सर्फ बँड लगेच आठवतात. २००१ मध्ये घोस्ट वर्ल्ड या अमेरिकी सिनेमाची सुरुवातच या गाण्याने झाली. शंकर-जयकिशन यांच्याच १९६८ च्या रागा जॅझ स्टाइल या रेकॉर्डवर सतारीच्या सोबत दिलीप नाईक यांची इलेक्ट्रिक गिटार आहे.

मरणार असं वाटलं आणि कंपनी विकली

धंदा जोरात असताना लिओचं शरीर साथ देत नव्हतं. पन्नाशीच्या दशकापासून सायनसमधला जंतुसंसर्ग त्याचा पिच्छा सोडत नव्हता. आपण फार दिवस जगणार नाही असं त्याला वाटू लागलं. आपल्या मागे कामगारांचं आणि कंपनीचं काय, या विचाराने त्याने कंपनी विकायचं ठरवलं.

जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. तुलनेसाठी सांगायचं तर याच सीबीएसने काही महिन्यांपूर्वी न्यूयॉर्क यँकीज या जगप्रसिद्ध बेसबॉल टीमचा मोठा हिस्सा याहून कमी पैशांत घेतला होता.

आणि मग? लिओने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरने जंतुनाशक औषधांचा भरपूर मोठा डोस दिला आणि लिओ ठणठणीत बरा झाला.

कंपनी मात्र हातातून गेली होती. सोबत नावही. काही वर्षं तो सल्लागार राहिला, पण स्वतः गिटार बनवून विकायला करारानुसार बंदी होती. सीबीएसच्या काळात फेंडरच्या मालाचा दर्जा घसरला अशी वादकांची ओरड सुरू झाली. दुकानदार सीबीएसच्या आधीची फेंडर म्हणून जुन्या गिटार जास्त भावाने विकू लागले. १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने स्ट्रॅटोकास्टर वाजवून इतिहास घडवला, तेव्हा ती बनवणारा माणूस कंपनीचा मालक राहिला नव्हता.

पैसा एवढा होता की लिओ उरलेलं आयुष्य बोटीवर घालवू शकला असता. पण बंदी संपल्यावर तो पुन्हा टेबलावर बसला. आधी म्युझिक मॅन कंपनी, तिथली स्टिंगरे बास आजही नावाजली जाते. मग जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्यासोबत जी अँड एल, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. कंपनीला फेंडर हे नाव देता येत नव्हतं. पण कारखाना ज्या रस्त्यावर होता त्याचं नाव होतं फेंडर अव्हेन्यू!

१९७९ मध्ये एस्थर गेली. पुढच्या वर्षी त्याने फिलिस नावाच्या महिलेशी दुसरं लग्न केलं. नंतर पार्किन्सन्सने हात थरथरू लागले, तरी तो रोज वर्कशॉपमध्ये यायचा. २० मार्च १९९१ लाही आला होता. दुसऱ्या दिवशी, २१ मार्चला, तो गेला. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. त्याचं वर्कशॉप सहकाऱ्यांनी तो सोडून गेला तसंच जपून ठेवलं.

लिओ फेंडरने एकही धून बांधली नाही, एकही कार्यक्रम केला नाही. वाजवणाऱ्याची तक्रार ऐकायची, यंत्र खोलायचं आणि ते आणखी पक्कं करून परत द्यायचं, हे एकच काम त्याने पन्नास वर्षं केलं. कंपनी विकताना नाव गेलं, पण तक्रार ऐकणारे कान त्याच्याकडेच राहिले, म्हणून तो पुन्हा उभा राहू शकला.

पुढच्या वेळी मिरवणुकीत बँजोवाला रंगात आला की एक नजर मागे टाका. गाडीवर ॲम्पजवळ एक जण बसलेला असतो. त्याचं नाव कुणी विचारत नाही, नाचणाऱ्यांचं तर त्याच्याकडे लक्षही नसतं. तो फक्त कान देऊन बसलेला असतो आणि मधूनच हात लांब करून एखादं बटण फिरवतो. लिओ फेंडरची जागा तीच होती.